प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातले हार्मोनही मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बागेसाठी महापालिकेचे प्रक्रिया केलेले पाणी घ्यावे का, असा विषय आला. सभासदांनी दोनच गोष्टी विचारल्या: वास येतो का, आणि डास होतील का. ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला आणि मीही हात वर केला, कारण झाडांना ते पाणी चांगलेच आहे. पण मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे. त्या पाण्यात हार्मोनसारखी रसायने उरतात का, हा तिसरा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला आणि तो एका सोसायटीच्या बागेपुरता नाही, म्हणून हे पत्र.

आधी कौतुक, कारण ते खरोखर करण्यासारखे आहे. नवी मुंबईत सी-टेक पद्धतीची (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन गाळ बसवणारी) मलप्रक्रिया केंद्रे आहेत. कोपरखैरणे आणि ऐरोली इथे त्यापुढचे टर्शरी म्हणजे तिसऱ्या टप्प्याचे प्लांट उभे राहिले, प्रत्येकी दिवसाला 20 दशलक्ष लिटर क्षमतेचे. अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म गाळणी) आणि अतिनील दिव्यांखालून गेलेले ते पाणी टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, कारखान्यांना देता येते, म्हणजे तेवढे पिण्याचे पाणी वाचते. जे पाणी वापरले जात नाही ते मात्र ठाणे खाडीत जाते. ही खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर स्थळही.

अशा केंद्रात गेले की तिथले कर्मचारी बाहेर पडणारे पाणी काचेच्या भांड्यात भरून अभिमानाने दाखवतात. भांड्यापलीकडचा फलक वाचता येईल इतके ते नितळ असते. बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण मोडायला किती ऑक्सिजन लागतो त्याची मापे), गाळ, नायट्रोजन, फॉस्फरस, कॉलिफॉर्म जिवाणू या सगळ्यांचे आकडे नियमात बसले की केंद्र पास. नियमांच्या त्या यादीत हार्मोनसारखी वागणारी रसायने नाहीत. ती लिटरला नॅनोग्रॅम या मापात असतात. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. एवढ्याशाने बीओडीचा आकडा हलणार नाही, रंग बदलणार नाही, वासही येणार नाही.

तरीही एवढेसे पुरते. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका प्रायोगिक तलावात 2001 ते 2003 अशी तीन वर्षे शास्त्रज्ञांनी एथिनिल एस्ट्राडायॉल हे गर्भनिरोधक गोळीतले कृत्रिम हार्मोन सोडले. प्रमाण लिटरला 5-6 नॅनोग्रॅम. तलावातल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशांच्या नरांत मादीची अंड्यातली प्रथिने तयार होऊ लागली, पिल्ले होईनात, आणि ती जात तिथून जवळजवळ नाहीशी झाली. हार्मोन सोडणे थांबवल्यावर काही वर्षांनी मासे परत आले, हेही सांगायला हवे. आता आपल्याकडचा हिशेब बघा. माला-डीच्या एका गोळीत हे हार्मोन 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 30,000 नॅनोग्रॅम असते. अख्खी गोळी पाण्यात विरघळली तर 6000 लिटर पाणी त्या तलावाच्या पातळीला येईल.

यावरून कुणी बायकांच्या गोळ्यांवर बोट ठेवू नये. सगळ्या माणसांच्या लघवीतून नैसर्गिक इस्ट्रोजेन (मादीचे हार्मोन) जाते, तबेल्यांतून जाते. प्लास्टिकमधला बिस्फेनॉल-ए आणि औद्योगिक साबणांतून येणारा नॉनिलफेनॉल हेही शरीरात इस्ट्रोजेनची नक्कल करतात. शिवाय आपले शरीर हार्मोनला साखरेच्या रेणूशी बांधून, निकामी करून बाहेर टाकते. गटारातले जिवाणू ती साखर खातात आणि बांधलेले गाठोडे पुन्हा सुटते. केंद्रातले जिवाणू नैसर्गिक हार्मोन बरेचसे संपवतात. कृत्रिम हार्मोनच्या रेणूला मात्र मुद्दाम एक एथिनिल गट जोडलेला असतो, यकृतात तो लवकर मोडू नये म्हणून. तोच गट जिवाणूंनाही दाद देत नाही. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या छिद्रांपुढे हे रेणू फार लहान आहेत. अतिनील दिव्यांची मात्रा जंतू मारण्याइतकी असते, रेणू तोडण्याइतकी नाही. आणि क्लोरीन टाकून भागेल म्हणावे, तर क्लोरीन बिस्फेनॉलला चिकटून क्लोरीनवाले नवेच पदार्थ तयार करतो.

मग हे रेणू रसायनानेच तोडावे लागतात. त्याची झलक मी मुलांना दाखवत असे. मेथिलीन ब्लूच्या निळ्याशार पाण्यात थोडे आम्ल, चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) आणि औषधाच्या दुकानातला हायड्रोजन पेरॉक्साइड घातला की काही मिनिटांत निळा रंग उडतो. लोह पेरॉक्साइडला फोडते, त्यातून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील तुकडे) सुटतात आणि ते समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. 1894 मध्ये फेंटन यांनी नोंदवलेली ही अभिक्रिया. तिची अडचणही त्याच चंचुपात्रात दिसे: पाणी चांगलेच आम्लधर्मी लागते, आणि नंतर ते उदासीन केले की तळाला तांबूस गाळ बसतो. रोजच्या कोट्यवधी लिटरांसाठी हे परवडणारे नाही.

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टेरेन्स कॉलिन्स यांच्या गटाने टॅमल नावाचे लोहयुक्त उत्प्रेरक बनवले, ते याच अडचणीतून वाट काढतात. आपल्या शरीरातली पेरॉक्सिडेज विकरे (एन्झाइम) करतात तेच काम हे छोटे रेणू करतात. आम्ल लागत नाही, उत्प्रेरक अगदी किंचित लागतो, आणि प्रयोगशाळेत एथिनिल एस्ट्राडायॉलसारखे हट्टी हार्मोन त्यांनी पेरॉक्साइडच्या साथीने काही मिनिटांत तोडले आहे.

मोठ्या प्रमाणावर आज चालते ते ओझोन. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचजवळच्या ड्युबेनडॉर्फच्या केंद्रात 2014 पासून ओझोन वापरतात, आणि 2016 पासून तिथल्या निवडक केंद्रांना असे सूक्ष्म प्रदूषक 80 टक्के काढण्याचे कायद्याचे बंधन आहे. इस्ट्रोजेन, बिस्फेनॉल, नॉनिलफेनॉल या सगळ्यांत फेनॉलचे कडे असते आणि ओझोन नेमका त्यावर झडप घालतो.

पण उद्या कुणी ओझोनची निविदा घेऊन आले तर लगेच हो म्हणू नये. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठी भराव घालून, भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवायला धारण तलाव राखून वसवला आहे. अशा जमिनीतल्या मलवाहिन्यांच्या सांध्यांतून खारे पाणी शिरू शकते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. शंभर लिटर सांडपाण्यात असे एक लिटर जरी मिसळले तरी त्या ब्रोमाइडपासून ओझोन ब्रोमेट बनवू शकतो, आणि ब्रोमेटमुळे कर्करोग होऊ शकतो. आल्प्सजवळच्या गोड्या पाण्यात जे चालते ते इथे तसेच्या तसे चालेल असे गृहीत धरता येत नाही. ओझोन, पेरॉक्साइडसोबत अतिनील किरण, सक्रिय कार्बन, टॅमल, जे काही घ्यायचे ते आपल्याच पाण्यावर, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळच्या नमुन्यांवर पारखून घ्यावे.

म्हणून महापालिकेकडे मागणे असे. कोपरखैरणे किंवा ऐरोलीच्या टर्शरी प्लांटमधून एक लहानसा प्रवाह वेगळा काढावा आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) किंवा पवईची आयआयटी यांना सोबत घेऊन त्यावर वर्षभर, पावसाळ्यासकट, चाचण्या कराव्यात. मोजणी आजपासूनही सुरू करता येईल. मानवी इस्ट्रोजेन ओळखून पकडणारे प्रथिन (रिसेप्टर) बसवलेले यीस्ट वापरून एक चाचणी करतात. पाण्यात इस्ट्रोजेनसारखे काहीही असले तर पिवळा द्रव लाल होतो. एकेका रसायनाचा वेगळा शोध न घेता सगळ्यांचा एकत्रित परिणाम त्यात कळतो. रेणू तोडल्यावर उरलेले तुकडे निरुपद्रवी आहेत का, हेही तीच चाचणी बऱ्यापैकी सांगते. हे आकडे बीओडीच्या शेजारी संकेतस्थळावर टाकावेत. दिवाळे, वाशीगाव, ऐरोलीतली कोळी मंडळी याच खाडीतून बोय, चिंबोरी, निवटी काढतात. त्यांना ते आकडे मराठीत वाचता आले पाहिजेत.

खर्चाचा प्रश्न निघेलच. युरोपीय संघाने 2024 मध्ये केलेल्या कायद्यात या जादा प्रक्रियेचा किमान 80 टक्के खर्च औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या उत्पादकांवर टाकला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषधनिर्मितीचे कारखाने आहेत आणि महापालिकेचे प्रक्रिया केलेले पाणी याच पट्ट्याला जाते. त्या पाण्याच्या दरात चाचणीचा काही वाटा धरावा, एवढा प्रस्ताव तरी महासभेत यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोपरखैरणे