पाकिटातले नाणे आणि 26वी ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बरीच वर्षे अमेरिकेत राहते, पण आपला अंक रोज वाचते. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे इकडे आहेत आणि तीही माझ्यासारखीच सढळ हाताने देणग्या देतात. म्हणून हे लिहावेसे वाटले.

11 नोव्हेंबरला इथे वेटरन्स डे असतो. त्याच्या आगेमागे आमच्या टपालपेटीत माजी सैनिकांसाठी मदत मागणारी पाकिटे येऊन पडतात. मागे एका पाकिटाच्या पारदर्शक खिडकीतून पाच सेंटचे नाणे दिसत होते. आत नाव-पत्ता छापलेल्या चिकटपट्ट्या, एक छोटे कॅलेंडर आणि दोन्ही पाय गमावलेल्या एका तरुण सैनिकाचा फोटो होता. ते नाणे ठेवून घ्यायला मन धजेना आणि तो फोटो कचऱ्यात टाकायला हात उचलेना. शेवटी मी 20 डॉलरचा चेक पाठवला. पुढच्या सहा महिन्यांत त्याच संस्थेची 11 पत्रे आली. प्रत्येकात काहीतरी भेटवस्तू, प्रत्येकात तोच फोटो. माझे वीस डॉलर मलाच पत्रे पाठवण्यात संपले असणार, हे तेव्हा लक्षात आले आणि मनाला फार लागले. त्या मुलाच्या नावाने दिलेले पैसे होते ते.

मी 22 वर्षे हिशेबनीस म्हणून काम केले आहे. तेव्हा मी त्या संस्थेचा फॉर्म 990 काढून बसले. अमेरिकेत करसवलत मिळणाऱ्या बहुतेक मोठ्या धर्मादाय संस्थांना हा फॉर्म दरवर्षी आयकर खात्याकडे भरावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. त्यात नवव्या भागात खर्चाचा तक्ता असतो. एकूण खर्चाच्या पुढे तीन रकाने: प्रत्यक्ष सेवाकार्य, कार्यालयीन व्यवस्थापन आणि निधी उभारणी. लोक पहिल्या रकान्याची टक्केवारी पाहतात, ‘80 टक्के सेवाकार्यावर’ असे वाचतात आणि समाधानाने फॉर्म मिटतात. मीही आधी तेच करत असे. पण त्याच तक्त्याच्या तळाशी 26वी ओळ आहे, संयुक्त खर्चाची, म्हणजे देणगी मागणे आणि माहिती देणे ही दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या पत्रांच्या खर्चाची. खरी गोम तिथे आहे.

देणगी मागणाऱ्या पत्रात ‘जखमी सैनिकांबद्दल जाणून घ्या, त्यांच्यासाठी अमुक करा’ असा मजकूर असला आणि ठरलेल्या काही अटी पाळल्या, तर हिशेबाचे नियम त्या पत्राचा काही खर्च ‘लोकशिक्षण’ म्हणून सेवाकार्यात धरू देतात. म्हणजे छपाई, टपाल, ते नाणे, ते कॅलेंडर यांचा एक वाटा सैनिकांच्या सेवेच्या रकान्यात जमा होऊ शकतो. यात बेकायदा काही नाही. पण देणारा माणूस सेवा म्हटल्यावर उपचार समजतो, व्हीलचेअर समजतो, घरभाडे समजतो. स्वतःच्या हातातले पत्र ही सेवा आहे, असे त्याच्या स्वप्नातही येत नाही.

वूंडेड वॉरियर प्रोजेक्टचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. 2003 मध्ये ही संस्था सुरू झाली तेव्हा काम अगदी साधे होते: रुग्णालयात आणलेल्या जखमी सैनिकाच्या खाटेशी एक पाठपिशवी ठेवायची, आत मोजे, कपडे, दाढीचे सामान. दहा-बारा वर्षांत ती इतकी वाढली की वर्षाला 30 कोटी डॉलरहून अधिक देणग्या येऊ लागल्या. जानेवारी 2016 मध्ये सीबीएस न्यूज आणि न्यूयॉर्क टाइम्सने तिथल्या उधळपट्टीच्या बातम्या दिल्या आणि मार्चमध्ये संस्थेच्या मंडळाने दोन्ही सर्वोच्च अधिकाऱ्यांना काढून टाकले. चर्चा झाली ती मुख्यतः कोलोरॅडोतल्या आलिशान हॉटेलमधल्या 2014 च्या मेळाव्याची. बातमीत खर्च 30 लाख डॉलर होता, संस्थेने नंतर सुमारे 9.7 लाख सांगितला. मला त्या मेळाव्यापेक्षा दुसरी तफावत महत्त्वाची वाटते. संस्था म्हणत होती, सुमारे 80 टक्के पैसा सेवाकार्यावर जातो. चॅरिटी नेव्हिगेटर ही संस्थांना गुण देणारी संस्था म्हणत होती, सुमारे 60 टक्के. वह्या त्याच होत्या. बराचसा फरक होता तो संयुक्त खर्च कुठे धरायचा, एवढ्याचाच.

याहून वाईट उदाहरण डिसेबल्ड व्हेटरन्स नॅशनल फाउंडेशनचे. या संस्थेने 2007 नंतरच्या काही वर्षांत टपालाने 11 कोटी डॉलरहून अधिक देणग्या जमवल्या आणि त्यातला सुमारे 90 टक्के पैसा ती पत्रे छापणाऱ्या आणि पाठवणाऱ्या कंपन्यांकडे गेला. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या महान्यायवादींनी तडजोडीत त्या कंपन्यांना सुमारे अडीच कोटी डॉलरचा फटका दिला, त्यात संस्थेवरचे कर्ज माफ करण्याची रक्कमही होती. याच संस्थेकडून मदत म्हणून आलेल्या मालात नारळाच्या स्वादाच्या चॉकलेटगोळ्यांची हजारो पाकिटे आणि आचाऱ्यांचे कोट होते, असे सीएनएनने दाखवले होते. ज्याला रात्री झोप लागत नाही, ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्या माणसाने आचाऱ्याच्या कोटाचे काय करायचे? अशा वस्तूंनाही हिशेबात किंमत लावता येते आणि तीही सेवाकार्यात मोजली जाते.

मग सरकार कमाल मर्यादा का घालत नाही, असे मला पुष्कळ जण विचारतात. राज्यांनी प्रयत्न केले होते. 1980, 1984 आणि 1988 अशा तीन निकालांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देणगी मागणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते, त्यामुळे निधी उभारणीवर टक्केवारीची मर्यादा घालता येणार नाही. 2003 मध्ये माजी सैनिकांच्याच एका संस्थेसाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कंपनीचे प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. ती कंपनी जमलेल्या पैशातले 85 टक्के स्वतःकडे ठेवत होती. न्यायालय म्हणाले, जास्त पैसे ठेवले एवढ्यावरून फसवणूक होत नाही, मात्र पैसे कुठे जातात याबद्दल देणाऱ्याला खोटे सांगितले असेल तर खटला चालवता येईल. म्हणजे पाहण्याची जबाबदारी शेवटी देणाऱ्यावरच येते.

हे सगळे वाचून कोणी हात आखडता घेतला तर मला फार वाईट वाटेल. 2016 नंतर वूंडेड वॉरियरच्या देणग्या झपाट्याने घटल्या. त्याची झळ काढून टाकलेल्या अधिकाऱ्यांपेक्षा मेंदूला मार बसलेल्या त्या सैनिकांना अधिक लागते, ज्यांना घरी येऊन सांभाळणारे माणूस याच संस्थेच्या पैशातून मिळते. चार मोठ्या वैद्यकीय केंद्रांबरोबर तिने मानसिक आघातावरच्या उपचारांचे जाळे उभे केले, तेही त्याच सुमारास. नव्या प्रमुखांनी, ते स्वतः निवृत्त लेफ्टनंट जनरल, वरच्या जागा कमी केल्या आणि काही कार्यालये बंद केली. संस्था सुधारू शकते, पण तिला कोणीतरी विचारत राहावे लागते.

आणि खरे काम कसे दिसते, तेही मी पाहिले आहे. माझ्या यजमानांच्या एका सहकाऱ्याला, व्हिएतनामला गेलेल्या माणसाला, दर आठवड्याला माजी सैनिकांच्या रुग्णालयात जावे लागे आणि ते घरापासून तासाभराच्या अंतरावर होते. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स या संस्थेची व्हॅन त्यांना न्यायला येई. चालवणारे गृहस्थ स्वतः सत्तरीचे, बिनपगारी. ते आधी खाली उतरत, दार उघडत, काठी हातात घेत, मग कोपराला धरून यांना वर चढवत. तेवढ्या वेळात दोघांचे बोलणे चाले ते नातवंडांचे. फिशर हाउसची घरेही अशीच. लष्करी रुग्णालयाजवळ सैनिकाच्या बायको-मुलांना, आई-वडिलांना तिथे विनामूल्य राहता येते. घर उभे आहे, खोल्या मोजता येतात, आत किती कुटुंबे राहिली ते विचारता येते.

मला अनेकदा सांगितले जाते की व्यवस्थापनाचा खर्च कमी तेवढी संस्था चांगली. मला हे पटत नाही. चांगला हिशेबनीस, चांगला समुपदेशक फुकट मिळत नाही. 12 टक्के की 18 टक्के यावर भांडण्यात अर्थ नाही. संस्थेने एवढेच सांगावे: हे पत्र पाठवायला किती खर्च आला, अशा पत्रांतून गेल्या वर्षी किती आले, आणि संयुक्त खर्च बाजूला काढल्यावर सैनिकांसाठी किती उरले. तीन आकडे, पत्राच्या पहिल्याच पानावर, फोटोखाली. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. संस्थेच्या मनात असेल तर पुढच्याच छपाईत ते येऊ शकतात.

मी त्या नाणेवाल्या संस्थेला हेच तीन प्रश्न लिहून पाठवले, सोबत त्यांचे पाच सेंटही परत केले. उत्तर आले नाही. महिन्याभराने नवे पाकीट आले, आत पुन्हा नाणे. या नोव्हेंबरचा माझा चेक व्हॅनसाठी आहे. आपल्या वाचकांच्या मुलांनीही चेकवर सही करण्याआधी फॉर्म 990 उघडावा, तो इंटरनेटवर फुकट मिळतो, आणि 26वी ओळ वाचावी, एवढी विनंती.

आपली नम्र,
एक वाचक