पोषण आहाराच्या ताईंनी आमदार-खासदारांकडे नक्की काय आणि कसं मागायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी आणि मदतनीस ताईंच्या मोर्च्याची बातमी आपल्या पेपरात अधूनमधून येते, फोटो येतो, मागण्या छापून येतात आणि मग पुढच्या मोर्च्यापर्यंत सगळं शांत. मी जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे, त्यामुळे या ताईंचं काम रोज डोळ्यासमोर असतं. मोर्चा हवाच, त्याबद्दल वाद नाही, पण त्याच्या जोडीला आपल्या आमदार-खासदारांना गाठून, समोर बसून, नीट मुद्दा मांडायचं कामही व्हायला पाहिजे आणि ते कसं करायचं हे ताईंना कुणी सांगतच नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

आधी हिशोब बघा. २००९ साली केंद्राने स्वयंपाकी-मदतनीसांचं मानधन महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले १० महिनेच. केंद्राच्या हिशोबात तो आकडा अजून तोच आहे आणि त्यातही केंद्राचा वाटा ६० टक्के, म्हणजे ६०० रुपये. आपल्या राज्याने स्वतःच्या तिजोरीतून भर घालून ते २५०० पर्यंत आणलं. आता २५०० गुणिले १०, वर्षाचे झाले २५ हजार, शाळेचे दिवस २२० धरले तर दिवसाला साधारण ११४ रुपये पडतात. त्यात तांदूळ निवडणं, भाजी चिरणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, शेड झाडणं सगळं आलं. मे महिन्याचा किराणा या बायकांनी कुठून भरायचा हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

हा हिशोब एवढ्यासाठी सांगितला की कुठली मागणी कुणाच्या दारात न्यायची ते यातूनच कळतं, आणि नेमका इथेच घोळ होतो. १००० रुपयांचा मूळ आकडा वाढवणं हे दिल्लीच्या हातात आहे, तो प्रश्न खासदारांना विचारायचा. राज्याची भर वाढवायची असेल, मानधन १२ महिने मिळावं असं असेल, तर आमदारांकडे जायचं. आणि मानधन तीन-तीन महिने थकलंय किंवा इंधन-भाजीपाल्याचे पैसे आलेले नाहीत, तर ते जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचं काम, तिथे आमदारांचं एक पत्र गेलं तरी फाईल हलते. आत्ता काय होतं की १८ मागण्यांचं एकच निवेदन सगळ्यांना दिलं जातं, साहेब ते हातात घेऊन फोटो काढतात, फोटो स्टेटसला जातो आणि निवेदन पीएच्या कपाटात. १८ मागण्या एकदम मागितल्या की समोरच्याला एकही लक्षात राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं, एका भेटीत एकच मागणी. एक पान, त्यावर आपल्या शाळेचे आकडे. पट किती, ताई किती, मागचं मानधन कुठल्या महिन्याचं आणि कुठल्या तारखेला जमा झालं, गॅस आहे की चूल. हे आकडे शाळेतच असतात, रोजची हजेरी अ‍ॅपवर भरली जाते, आणि एखादी माहिती मिळतच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात असं असं चाललंय हे आमदारांनी हजारदा ऐकलेलं असतं, पण तुमच्या मतदारसंघातल्या या या शाळेत दिवाळीच्या आधीचं मानधन संक्रांतीनंतर आलं असं तारखेसकट सांगितलं की ते मान वर करून ऐकतात, मी हे समोर बसून बघितलंय.

दुसरं म्हणजे त्यांना शाळेत बोलवा. आणि १५ ऑगस्टला नाही, साध्या दिवशी, जेवायच्या सुट्टीत. हार-नारळ नको, वेगळा मेनू तर अजिबातच नको. आमच्या शाळेत ताई मुलं यायच्या कितीतरी आधी येतात, ताटात तांदूळ पसरून निवडत बसतात, पावसाळ्यात सरपण ओलं असलं की शेडमध्ये इतका धूर होतो की पदर तोंडाला लावूनच फोडणी द्यावी लागते. भात झाला की आधी त्या स्वतः खाऊन बघतात, मग शिक्षक चव घेतात, रजिस्टरवर सही होते आणि मग पंगत बसते. यातलं काहीही निवेदनात लिहून पोचत नाही. त्या धुरात आमदार दहा मिनिटं उभे राहिले तर गॅस जोडणीचं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. त्यांनी मुलांच्या पंगतीत बसून तोच भात खावा, आणि १ मे २०२५ पासून सामग्रीचा दर पहिली ते पाचवीला मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे आहे, डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं त्यात, हे त्यांना तिथेच सांगावं.

वेळ फार महत्त्वाची. अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊन उपयोग नाही, तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, बराच आधी द्यावा लागतो. मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी जानेवारीतच भेटा, कारण मानधन शेवटी बजेटमधून येतं. आणि नुसतं लक्ष घाला म्हणू नका, तारांकित प्रश्न विचाराल का, लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी, मांडाल का असं नाव घेऊन मागा. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं तर ते कागदावर येतं, त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे ७ आमदार आहेत, शाळेचे प्रश्न त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत, त्यांना विसरू नका. खासदार भेटत नसतील तर जिल्ह्याच्या दिशा समितीची, म्हणजे केंद्राच्या योजनांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीची, बैठक कधी आहे ते कलेक्टर ऑफिसला विचारा, तिचे अध्यक्ष खासदार असतात आणि पोषण आहाराचा आढावा तिथे घेतला जातो.

आता भीतीबद्दल, कारण खरी अडचण तीच आहे. ताईंची नेमणूक पक्की नाही, बोललो तर उद्या काढतील असं त्यांना वाटतं आणि ते वाटणं खोटं नाही. शिक्षकांना सेवाशर्ती आडव्या येतात. मग उरतो आपण पालक. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो, मग समितीने ठराव करावा, तो ठराव जोडून समितीच्या लेटरहेडवर आमदारांना पत्र द्यावं, भेटीला ताई आणि पालक मिळून जावं, बोलायची सुरुवात पालकांनी करावी. एकट्या ताईला पुढे करून आपण मागे उभं राहणं मला तरी पटत नाही, शेवटी जेवतात आपलीच मुलं.

आणि मागणी फक्त पगाराची ठेवू नका, ताटाचीही ठेवा. २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं असं राज्याने सुरू केलं, मुलं त्या दिवसाची वाट बघायची, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला, आता म्हणे लोकसहभागातून द्या. ज्या गावात लोकांचीच ओढाताण आहे तिथे लोकसहभाग कुठून येणार? हा निर्णय राज्याचा होता म्हणजे तो फिरवायचं कामही आमदारांचंच. २५ पर्यंत पट असलेल्या शाळेला एकच ताई मिळते, ती आजारी पडली तर बदली कोण, हाही असाच राज्य पातळीवर सुटू शकणारा प्रश्न आहे.

असं करून काही होतं का असं कुणी विचारेल. शिजवलेलं जेवण आज देशभर मिळतंय ते कुणी आपणहून दिलेलं नाही, १९९५ मध्ये योजना आली तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांच्या हातात महिन्याचं कोरडं धान्यच पडायचं, लोक कोर्टात गेले, आणि २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला, २०१५ च्या नियमांप्रमाणे जेवण मिळालं नाही तर भत्ता द्यावा लागतो. त्याच २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने या ताईंसारख्या सरकारी योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या अशी शिफारस केली, ती अजून तशीच पडून आहे. अमेरिकेत शाळेच्या जेवणाचं काम बघणारे लोक संघटना करून दरवर्षी वॉशिंग्टनला जातात आणि आपापल्या खासदारांना भेटतात. आपल्याकडे नागपूर आणि मुंबई काही लांब नाही.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराला पोषण आहारावर तुम्ही कुठला प्रश्न देणार आहात एवढं विचारा आणि त्यांची उत्तरं नावासकट छापा. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचीही नावं छापा.

आपली,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य