आपलं एकच 'पासून'

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

तुझं पत्र बुधवारीच मिळालं. 'इंग्रजीच्या गाळलेल्या जागा सगळ्या बरोबर येतात, बोलायला गेलं की चुकतंय,' हे वाचून जीव कळवळला. शिरोलीच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट चालू आहे, म्हणून उत्तराला उशीर.

माझंही तेच झालं बघ. गेल्या महिन्यात कारखान्यातलं कास्टिंग, म्हणजे धातूचं ओतकाम, बघायला परदेशी पाहुणे आले. 'किती वर्षं आहेस इथं?' असं विचारलं. मी म्हणालो, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स.' आदल्याच आठवड्यात हाच प्रश्न पुस्तकात बरोबर सोडवला होता! रात्री झोप लागेना. मग ध्यानात आलं. आपण 'सहा वर्षांपासून' म्हणतो आणि '2019 पासून'ही म्हणतो. आपल्याला एकच 'पासून' पुरतं. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. शिवाय आपलं 'काम करतोय' तिथं 'हॅव बीन वर्किंग' होतं. वाक्य तोंडात यायच्या आधी मराठीत जुळलेलं असतं, चूक तिथंच होते.

तेव्हापासून एक वही घातलीय. चुकलेलं वाक्य, खाली बरोबर वाक्य, आणि त्याच धर्तीचं एक आपल्या घरातलं. लंडनमधल्या कुणा जॉनचं वाक्य भरून ते डोक्यात राहत नाही रे. 'माय मदर हॅज बीन सेलिंग व्हेजिटेबल्स इन कपिलतीर्थ मार्केट फॉर ट्वेंटी इयर्स' हे मी मोठ्यानं वाचलं, तर आई आतून म्हणाली, 'माझं नाव काय घेतलंस?' अर्थ सांगितला तशी लई हसली. ते वाक्य आता जन्मात चुकणार नाही.

शब्दही सुटे पाठ करू नकोस, जोडीनं कर. चहा कडक असला तर 'स्ट्राँग टी', पाऊस जोराचा असला तर 'हेवी रेन'. उसनं घेतलं तर 'बॉरो', दिलं तर 'लेंड'. आणि आज केलेला शब्द उद्या, मग चौथ्या, मग आठव्या दिवशी परत बघ. विसरणं पहिल्यांदा भराभर होतं, पुढं मंदावतं. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली हे मांडलं.

पुढच्या पत्रात तुझी दहा चुकलेली वाक्यं पाठव. दुरुस्त करू नकोस, तोंडातून आली तशीच लिही. मी माझी दहा पाठवतो.

आईनं तुला जेवायला बोलावलंय.

तुझाच