एकट्या बाईसाठी सुरक्षित, पण कोणत्या बाईसाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बायकांनी एकटीने फिरायला जाण्याजोग्या देशांची यादी आली होती. आइसलँड, जपान, स्वित्झर्लंड, न्यूझीलंड, पोर्तुगाल वगैरे. माझ्या भाचीने ती कापून फ्रिजला लावली आहे. लावावीच. तिने जावं, मी पैसे देईन. पण लेखाच्या शेवटी म्हटलं आहे की हे देश जगातल्या कुठल्याही स्त्रीला निर्धास्त फिरता येतील असे आहेत. हे खरं नाही, म्हणून हे पत्र.

मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि नोकरीची बहुतेक वर्षं अमेरिकेत, बाल्टिमोरला काढली. त्या शहरात निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची. आमच्या वॉर्डातही बहुतेक नर्सेस त्याच. त्यातली एक माझी रात्रपाळीची जोडीदार. नाव देत नाही, तिला आवडणार नाही. मुलगी कॉलेजला गेली आणि बाईसाहेब एकट्या जग बघायला निघाल्या, त्या अजून थांबलेल्या नाहीत. आपली यादी मी तिला फोनवर वाचून दाखवली. ती हसली आणि म्हणाली, “आइसलँडमध्ये मला कुणी लुटणार नाही, कबूल. पण तिथे माझ्या वेण्या कोण घालून देणार?”

आधी मलाही हे फार किरकोळ वाटलं होतं. तसं नाही. त्यांच्या केसांना समुद्राचं पाणी, तलावातलं क्लोरीन, हॉटेलातला शाम्पू, काहीच मानवत नाही. म्हणून निघायच्या आधी सगळ्या डोक्याच्या बारीक वेण्या घालून घ्यायच्या, त्याला पाच-सहा तास खुर्चीत बसायचं. मग विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या वेळी त्याच वेण्यांत हात घालून चाचपणी. आमच्यासमोर गोऱ्या बायका अंबाडे बांधून सरळ निघून जायच्या आणि हिला बाजूला घ्यायचे. अशा तक्रारी झाल्या, तेव्हा २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने केसांच्या तपासणीत भेदभाव होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचं मान्य केलं. इतर देशांत काय अनुभव येईल ते नशिबावर. काही ठिकाणी तर लोक न विचारता केसांना हात लावून बघतात. प्रेमानेच लावतात, पण लावतात.

याहून वाईट गोष्ट संध्याकाळनंतरची. दक्षिण युरोपातल्या एका शहरात, गुन्हेगारी कमी म्हणून नावाजलेल्या, ती रात्री नऊला जेवून चालत परतत होती. एक गाडी शेजारी येऊन हळू झाली, काच खाली झाली आणि आतल्या माणसाने तिला भाव विचारला. हॉटेलच्या दारात रखवालदाराने खोलीचं कार्ड दाखवायला सांगितलं. तिच्या पुढे दोन जर्मन बायका आत गेल्या, त्यांना काही विचारलं नव्हतं. यातलं पोलिसांच्या दप्तरात काय जाणार? चोरी नाही, मारहाण नाही. त्या शहराचे आकडे आजही उत्तमच असतील आणि तुमच्या यादीत ते बसेलच.

प्रवासाला निघण्याआधी कुठे उतरावं, कुठे उतरू नये याची चौकशी हा त्यांच्या घरात पिढीजात प्रकार आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून एक मार्गदर्शिका काढली, ती ‘ग्रीन बुक’ म्हणून ओळखली जाते. कुठल्या गावात कुठल्या घरी कृष्णवर्णीय प्रवाशाला खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे पेट्रोल, याचे पत्ते. तीसेक वर्षं ती निघत राहिली. पुढच्या आवृत्त्यांत मेक्सिको, कॅनडा, बर्म्युडाचेही पत्ते आले. माझ्या मैत्रिणीची आजी बाल्टिमोरहून दक्षिण कॅरोलायनाला माहेरी जाताना बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी भरून न्यायची, कारण वाटेत हॉटेलवाले आत घेत नसत. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला दशम्या बांधून देतात, तसंच दिसायला, फक्त कारण फार वेगळं.

एकटीने देश ओलांडण्याची हौसही तितकीच जुनी. बेसी कोलमन शिकागोत लोकांची नखं रंगवायचं काम करायची. तिला विमान चालवायचं होतं. अमेरिकेतली एकही शाळा घेईना, तेव्हा फ्रेंच शिकून ती फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये वैमानिकाचा परवाना घेऊनच परतली. बार्बरा हिलरी तर आमच्याच पेशातली, न्यूयॉर्कची निवृत्त नर्स. फुफ्फुसाच्या कर्करोगातून उठलेली ही बाई २००७ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी उत्तर ध्रुवावर पोहोचली आणि २०११ मध्ये दक्षिण ध्रुवावर. तिच्या बातमीचं कात्रण आमच्या चहाच्या खोलीत कित्येक महिने होतं.

फ्रान्सचं मात्र गमतीशीर आहे. अमेरिकेत जन्मलेल्या जोसेफिन बेकर या कृष्णवर्णीय नर्तकी-गायिकेला त्यांनी २०२१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, देशाच्या थोरांच्या पंगतीत स्थान दिलं. माझ्या मैत्रिणीला पॅरिस आवडतं. पण ती सांगते की दुकानात शिरताना चेहरे एक असतात आणि तिने तोंड उघडून अमेरिकन इंग्रजी बोललं की दुसरे होतात. तिथे भेटलेल्या सेनेगलच्या एका मुलीला ती सोय नव्हती. दोघींचा रंग एकच, पण एक पाहुणी ठरली आणि दुसरीला कागद दाखवावे लागले.

आता तिला कुठे बरं वाटतं ते सांगते. आपल्या यादीत यातलं एकही नाव नाही.

पहिलं घाना. व्हर्जिनियात १६१९ साली पहिले आफ्रिकन बंदिवान उतरवले गेले, त्याला चारशे वर्षं झाली म्हणून घाना सरकारने २०१९ हे परतीचं वर्ष जाहीर केलं होतं आणि जगभरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना बोलावलं होतं. ही गेली. अक्राला उतरल्यावर पहिल्या दिवशी तिने मला जो निरोप पाठवला तो किल्ल्यांबद्दल नव्हता, इतिहासाबद्दल नव्हता. ती बाजारात तासभर फिरली होती आणि कुणी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच. “मी गर्दीत हरवले,” म्हणाली, आणि ते तिला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाजारात गेली. वेण्या तिने तिथेच घालून घेतल्या, बाल्टिमोरच्या मानाने मातीमोल भावात.

नंतर केप कोस्ट आणि एल्मिना, घानाच्या किनाऱ्यावरची गुलामांच्या व्यापाराच्या किल्ल्यांची गावं. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांच्या कोठडीच्या अगदी वर प्रार्थनाघर आहे. बायकांची कोठडी वेगळी. तिथून एका दारातून माणसं जहाजाकडे नेत, त्याला ‘परत न येण्याचं दार’ म्हणतात. हल्ली त्याच दारावर बाहेरच्या, समुद्राकडच्या बाजूने ‘परतीचं दार’ अशी पाटी आहे. ती पाटी तिला फारशी भावली नाही. सरकारी वाटली. बायकांच्या कोठडीत मात्र ती गाइडला बाहेर पाठवून एकटीच थांबली होती. याबद्दल तिने फोनवर अधिक काही सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

घाना म्हणजे स्वर्ग असं तिचं म्हणणं नाही. अमेरिकन उच्चार ऐकला की टॅक्सीवाला दर वाढवतो आणि त्याच दमात लग्नाची मागणीही घालतो. डिसेंबरात परदेशातून इतके लोक येतात की खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. तिची एक मावसबहीण समलिंगी आहे, ती तिकडे पाऊल टाकायला तयार नाही, कारण तिथे समलिंगी संबंध हा गुन्हा आहे आणि २०२४ मध्ये तिथल्या संसदेने याहून कडक विधेयक मंजूर केलं. म्हणजे कृष्णवर्णीय बायकांसाठी म्हणून यादी केली तरी ती सगळ्यांना पुरायची नाही. (जाता जाता, नर्स म्हणून सांगते: घानाला जायचं तर पिवळ्या तापाची लस हवीच, आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. मलेरियाच्या गोळ्याही घ्याव्यात. हे आपल्या पुरवणीत कधीच नसतं.)

दुसरं ठिकाण ब्राझीलमधलं साल्वादोर. पोर्तुगीजांनी १५४९ मध्ये वसवलेली राजधानी, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं मोठं बंदर. ब्राझीलने गुलामगिरी १८८८ मध्ये बंद केली, अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. आज त्या शहरात बहुसंख्य लोक आफ्रिकी वंशाचेच. कोपऱ्याकोपऱ्यावर पांढऱ्या घेरदार कपड्यांतल्या बायका अकाराजे तळत बसलेल्या असतात. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, पामच्या लाल तेलात तळलेला वडा, मधोमध चिरून आत कोळंबी. जवळच्या काशोएइरा गावात कृष्णवर्णीय बायकांचा एक जुना भगिनीसंघ आहे. गुलामगिरीच्या काळात या बायका पैसे जमवून एकमेकींना मोकळं करायच्या. दर ऑगस्टला त्यांची मिरवणूक निघते, पुढे सगळ्या म्हाताऱ्या. माझ्या मैत्रिणीने ती गल्लीत एका पायरीवर बसून पाहिली. शेजारच्या आजीने काही न विचारता हातात ताटली दिली. ब्राझीलमध्ये फोन हिसकावतात, रात्री पायी फिरू नये, हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि ती फिरत नाही. चोराची भीती तिला कळते. तो फोन नेतो, तुमच्याकडे बघून तुम्ही कोण आहात हे ठरवून टाकत नाही.

तिसरं नाव माझ्या मैत्रिणीचं नव्हे, वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सचं, नायजेरियन पासपोर्टवालीचं. तिचं गणितच निराळं. युरोपच्या व्हिसासाठी बँकेचे उतारे, नोकरीचं पत्र, आता ९० युरो फी, आणि नाकारला तर फी गेली. हे दुःख आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. ती पश्चिम आफ्रिकेत मात्र अक्रा, डकार असं व्हिसाशिवाय हिंडते, आणि रवांडाने २०२३ मध्ये सगळ्या आफ्रिकनांना व्हिसा माफ केल्याचं जाहीर केल्यापासून तिचं मन तिथल्या राजधानीवर, किगालीवर बसलं आहे. स्वच्छ रस्ते, संसदेत साठ टक्क्यांहून जास्त बायका, रात्री एकटी चालता येतं, असं तिचं प्रशस्तिपत्र. तिथल्या राजकारणाबद्दल विचारलं की ती विषय बदलते.

हे सगळं मराठी वर्तमानपत्राला कशाला, असं कुणी म्हणेल. तर बाल्टिमोरजवळच्या लाँग ग्रीन गावात १८३७ मध्ये अमांडा स्मिथ नावाची मुलगी गुलाम म्हणून जन्मली. बापाने रात्री जागून झाडू आणि चटया विणून कुटुंबाचं स्वातंत्र्य विकत घेतलं. ती धुणीभांडी करत वाढली, पुढे धर्मोपदेशक झाली आणि इंग्लंडमार्गे १८७९ मध्ये मुंबईला पोहोचली. आपल्या देशात ती १८८१ पर्यंत फिरत होती. आमच्याकडे कृष्णवर्णीय बाई प्रवासी म्हणून येणं हे काही नवं नाही.

माझ्या मैत्रिणीने अमांडाबाईंचं आत्मचरित्र वाचलं आहे. एल्मिना आणि साल्वादोर पाहून झाल्यावर तिला पोर्तुगीजांचं तिसरं टोक, म्हणजे गोवा बघायचं आहे. मोझांबिकमधून गुलाम इथेही आणले गेले होते. मग कोकणातून वर राजपुरीला येऊन होडीने जंजिरा, सिद्दींचा, आणि जमलं तर खुलताबादला मलिक अंबरची कबर. इथिओपियातला गुलाम मुलगा निजामशाहीचा कर्ताकरविता झाला, ही गोष्ट मी तिला एका रात्रपाळीत सांगितली होती. तिने ती सोडली नाही.

मी तिला या म्हणते आहे आणि मनात धाकधूकही आहे. २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी भागात मध्यरात्री युगांडाच्या बायकांना जमावाने घेरलं, त्यात तिथला मंत्री होता. २०१६ मध्ये बंगळुरूत दुसऱ्याच कुणाच्या गाडीने अपघात केला आणि तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला लोकांनी ओढून मारलं. तिने हे सगळं शोधून वाचलंय. आपली पुरवणी आइसलँडची माहिती देते, तशी ती भारताची काढते.

गेल्या महिन्यात मी तिच्यासाठी गोव्यात एका घरगुती निवासाशी बोलले. खोली रिकामी होती, भाडं ठरलं, नाश्त्याचंही ठरलं. मालकीणबाईंनी ‘पाहुणीचा फोटो पाठवा’ म्हटलं, मी पाठवला. संध्याकाळी खोली भरली होती. त्यानंतर आणखी एका ठिकाणी ‘आम्ही नायजेरियन ठेवत नाही’ असं स्पष्टच सांगितलं. ती अमेरिकन आहे हे मी सांगितलं नाही. सांगून खोली मिळवायची मला लाज वाटली.

तेव्हा संपादकसाहेब, यादी पुन्हा छापाल तेव्हा ती कुणासाठी आहे तेवढं वर लिहावं. आणि आपल्या वाचकांपैकी कुणाची गोव्यात, पणजी, जुने गोवे किंवा दिवाडीकडे राहती खोली असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. पाहुणी एकटी आहे, जानेवारीत येणार आहे, मासे खाते, सिगारेट ओढत नाही, पहाटे उठून फिरायला जाते. भाडं आगाऊ देऊ. फोटो पाठवणार नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज