घसा, पित्त आणि पापडाचा तुकडा

सातारा,
८ डिसेंबर

प्रिय सुमे,

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि क्षणभर वाटलं, भावोजींनीच उचलला. रागावू नकोस. पण "अगं पित्त आहे, गोळी चालू आहे" म्हणालीस ना, तिथे माझं टाळकं सरकलं. हेच वाक्य मी सहा महिने जपमाळेसारखं घोकलंय. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी गणपतीत आरत्यांनंतर माझा आवाज बसला तो बसलाच. तिसऱ्या तासाला सातवीच्या वर्गात फाटायचा. घशात पापडाचा तुकडा अडकलाय असं वाटून दिवसभर खाकरायचे. गंमत म्हणजे जेवताना मात्र घास सुखरूप उतरायचा. एका डॉक्टरांनी घशात न डोकावताच पित्ताची गोळी लिहून दिली. थोडा फरक पडला, तेवढाच. पित्त घशापर्यंत येतं, छातीत जळजळ न होताही येतं, हे खरं आहे. अन्ननलिकेचं अस्तर थोडंफार आम्ल सोसतं, स्वरयंत्राला तेवढंही झेपत नाही. पण आवाज बसला की पित्त, ही मात्र ठोकून दिलेली सोय झालीय.

शेवटी कान-नाक-घसावाल्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, नाकातून दुर्बीण घालून आधी स्वरयंत्र बघू आणि तशाच खाली उतरू. मला धडकी भरली! गुंगीचं इंजेक्शनही नाही. खुर्चीत ताठ बसवलं, औषधात भिजवलेला कापूस नाकात, घशात कडू स्प्रे. तोंडातून घालतात ती नळी साधारण ९-१० मिलिमीटर जाड, ही ५ च्या आसपास. "१८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांना सरळ नळी घालून बघायला तलवार गिळणारा माणूस धरून आणावा लागला होता, तुमचं बरंय," असं त्या मला ऐकवत होत्या.

पडद्यावर माझ्याच स्वरतंतूंच्या दोन पट्ट्या दिसल्या. "ई" म्हणायला लावलं, त्या जवळ आल्या, कडा सुजलेल्या. मग "गिळा". गिळलं की अन्ननलिकेचं वरचं दार क्षणभर उघडतं, तेवढ्यात नळी आत सरकते. खाली फिकट गुलाबी भिंत, अगदी तळाशी नागमोडी रेघ, तिच्यापलीकडे जठराचं लालसर अस्तर. सगळं ठीक. मी मनात म्हटलं, सुटलो.

पण बाहेर येताना बाईंनी हात अगदी सावकाश केला. वरच्या दाराच्या जेमतेम खाली नखाएवढा लालसर डाग होता. जठराचं अस्तर, नको तिथे! त्याला इनलेट पॅच म्हणतात. बहुतेक जन्मजात असतो, बऱ्याच जणांना त्याचा काही त्रास नसतो, पण कधीकधी तो तिथल्या तिथे आम्ल सोडतो. आत जाताना नळी त्या जागेवरून झरकन सरकते, म्हणून तो हुकतो. इवलासा तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट साधा आला. "आवाज याच्यामुळेच बसला असं मी छातीठोक सांगणार नाही," असंही त्या म्हणाल्या. मला ते आवडलं. पंचवीस वर्षं वर्गात ओरडले त्याचा हिशेबही होताच की.

आता गोळी तीच, पण नाश्त्याआधी अर्धा तास. पूर्वी मी जेवणानंतर घ्यायचे, म्हणजे निम्मी वायाच. रात्रीचं जेवण साडेसातला, वर्गात माईक, आणि आवाजाच्या व्यायामासाठी दर बुधवारी एका ताईंकडे. पापडाचा तुकडा बराच विरघळलाय, आवाज अजून हळूहळू.

तुझा आवाज बसून महिना उलटून गेलाय ना? मग स्वरयंत्र बघितल्याशिवाय नुसत्या पित्ताच्या गोळीवर राहू नकोस. अन्ननलिकेत उतरायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. पण घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर उद्याच जा, आणि मला लपवू नकोस.

तपासणीच्या तीन तास आधीपासून काही खाऊ नकोस. नंतरही घसा बधिर असतो, तासभर चहा मागू नकोस. आणि चमकी घरी काढून जा. माझी उजवी नाकपुडी अरुंद निघाली, चमकी डावीत, आणि तिथल्या बेसिनवर साबण लावून ती काढायला मला दहा मिनिटं लागली, बाहेर रांग.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
कुंदा