शेजारच्या धाकट्याच्या विधीला जाण्याआधी

प्रिय मनू,

तुझे शेजारी चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते, त्यांनी धाकट्याच्या डीकन (पुरोहितपणातलं पहिलं पद) होण्याच्या विधीला बोलावलंय आणि तिथे काय म्हणतात ते मला झेपेल का असं तू विचारलंस, तर झेपेल, दोन-चार मिनिटांत आटपतं. मी तुझ्याकडे युटातल्या लीहाय गावी आलो होतो तेव्हा थोरल्याच्या विधीला गेलो होतो. चर्चमधलीच एक छोटी खोली, मुलगा साध्या खुर्चीवर बसलेला, भोवती पुरुषांचं कडं, प्रत्येकाचा उजवा हात त्याच्या डोक्यावर अलगद आणि डावा शेजारच्याच्या खांद्यावर, बोलत होते एकटे त्याचे वडील.

मी जन्मभर खरेदीखतं नि बक्षीसपत्रं लिहिली, त्यामुळे माझा कान लगेच मजकुराकडे. दस्तात कसं, देणारा कोण, घेणारा कोण, कुठल्या हक्काने देतोय आणि काय देतोय एवढं आलं की बाकी लिहिणाऱ्याच्या मर्जीचं, तसंच हे. आधी मुलाचं पूर्ण नाव, मग मेल्किसेदेक प्रीस्टहुडच्या, म्हणजे वरच्या पुरोहितपणाच्या, अधिकाराने हे करतोय असं सांगणं, मग आरोनिक प्रीस्टहुड, म्हणजे खालच्या पायरीचं पुरोहितपण, प्रदान करणं, त्यानंतर डीकन या पदावर नेमून त्या पदाचे हक्क, सामर्थ्य, अधिकार देणं. मग आशीर्वाद, तो ज्याला जसा सुचेल तसा, आणि शेवटी येशू ख्रिस्ताच्या नावाने आमेन. ठरलेल्या भागात वडिलांचा आवाज अगदी सरकारी होता, आशीर्वादाला आले आणि गाडी अडखळायला लागली, मधेच आजोबांचा उल्लेख आला, तिथे तर बराच वेळ गप्पच.

पण गंमत पुढे आहे. 'आधी प्रीस्टहुड द्यायचं, मग पद' हा क्रम कायम असाच नव्हता! घरी आल्यावर मी वाचत बसलो, तुझी आई वैतागली. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे १५ मे १८२९ ला पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहॅना नदीच्या परिसरात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्याचा सहकारी ऑलिव्हर काउडरी यांना आरोनाचं प्रीस्टहुड दिलं, आणि त्याचे जे शब्द नोंदलेत त्यात प्रीस्टहुड प्रदान करतो असंच आहे, पदाचं नाव नाही. उलट बुक ऑफ मॉर्मनमध्ये मोरोनी नावाच्या भागाच्या तिसऱ्या अध्यायात थेट 'मी तुला प्रीस्ट नेमतो', वेगळं प्रदान वगैरे काही नाही. म्हणजे दोन्ही नमुने त्यांच्याच धर्मग्रंथांत, मग वाद होणार नाही तर काय. १९२१ पासून थेट पदावर नेमायची पद्धत चालली, १९५७ मध्ये डेव्हिड मॅके अध्यक्ष असताना पुन्हा आधी प्रदान, मग पद असं ठरलं. मधल्या काळातल्यांचं काय? चर्चचं म्हणणं, दोन्ही पद्धतींनी दिलेलं पद वैधच. चर्चपासून फुटलेल्या काही कट्टर गटांना मात्र हे पटत नाही, ते याच मुद्द्यावरून त्या काळातल्या नेमणुकाच फोल ठरवतात. मला विचारशील तर चर्चचं बरोबर वाटतं, देणाऱ्याकडे अधिकार आहे आणि काय द्यायचंय ते स्पष्ट आहे तर क्रमावरून कोणी दस्त रद्द करत नाही.

सगळीकडे अशी सूट आहे असं मात्र समजू नकोस हं. रविवारी ब्रेड आणि पाण्यावर जी प्रार्थना म्हणतात ती शब्दन् शब्द ठरलेली, चुकली तर परत म्हणायला लावतात, बिशपचं, म्हणजे तिथल्या मंडळीच्या प्रमुखाचं, लक्ष असतं. पोरं बिचारी घामाघूम होतात.

एक मला खटकतं ते खटकतंच, मुलींना हे नाही. आणि १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांनाही नव्हतं. पण हे त्या दिवशी तिथे काढू नकोस, नंतर कधी शेजारणीशी निवांत बोल, ती मोकळी आहे.

मुलगा अजून अकराचाच कसा म्हणून चकित होऊ नकोस, २०१९ पासून ज्या वर्षी बारा पूर्ण होणार त्या वर्षाच्या जानेवारीतच करता येतं. आधी सभेत त्याचं नाव वाचून सगळ्यांना उजवा हात वर करायला सांगतात, तू सदस्य नाहीस, गप्प बसलीस तरी चालतं. त्यांना मॉर्मन म्हणू नकोस, हल्ली आवडत नाही, चर्चचं पूर्ण नाव घेतात. आणि विधी चालू असताना फोन पर्समध्ये, फोटो-व्हिडिओ काही नको, आईला हवाय म्हणून तर अजिबातच नको, तिला मी समजावतो. फोटो नंतर बाहेर काढा.

तुझा,
बाबा