दहाव्याच्या आदल्या दिवशी आलेला रिपोर्ट

प्रति,
मा. श्री. राजेश टोपे साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

कोपरखैरणे, नवी मुंबई
३० जुलै २०२०

विषय : ज्यांना अंतर ठेवताच येत नाही, त्यांच्या करोना चाचणीबाबत

सन्माननीय साहेब,
स. न. वि. वि.

पन्नास किलोची कांद्याची गोणी सहा फूट लांब उभं राहून उचलता येत नाही. दोघे दोन बाजूंनी गोणीचे कान धरतात, तिसरा पाठ वाकवून उभा राहतो आणि गोणी त्याच्या पाठीवर चढते. तेवढा वेळ तिघांचा श्वास एकमेकांच्या तोंडावर असतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पाटणहून इकडे आले तेव्हापासून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये हेच करत आलेत. मास्क लावून गोणी वाहून बघितली, म्हणाले, दहा गोण्यांनंतर मास्कचा पोतेरा होतो.

मी स्वतः डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलेला आहे. एका छोट्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासतो. करोनाची चाचणी आमच्याकडे होत नाही, पण नमुना कसा घेतात, कसा ठेवतात, तो कुठे कुठे अडकतो हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

मार्केटचं आपल्याला सांगायला नको. रुग्ण वाढले तेव्हा मे महिन्यात, ११ ते १७ तारखेपर्यंत, वाशीच्या बाजार समितीचे पाचही बाजार बंद ठेवले होते. उघडले तेव्हा जमिनीवर गोल आखलेले होते, गेटवर थर्मल गन होती. ती कपाळासमोर धरायची, ताप नसला की आत सोडायचं. आता आपल्याच खात्यातले डॉक्टर सांगतील, हा विषाणू ताप यायच्या दोनेक दिवस आधीपासून दुसऱ्याकडे जाऊ शकतो आणि काहींना तर ताप येतच नाही. म्हणजे जो सर्वांत जास्त पसरवणार, तो त्या बंदुकीसमोरून हसत आत जाणार. आखलेले गोल पहिल्या ट्रकबरोबरच पुसले गेले. कुणी मुद्दाम पुसले नाहीत. ट्रक आला की हमालांच्या टोळीने त्याला भिडायचंच असतं, नाहीतर माल उतरत नाही आणि मुंबईच्या ताटात कांदा पडत नाही.

घरी आल्यावरही तेच. सिडकोच्या बैठ्या घरांवर आता माळे चढलेत हे खरं, पण आमच्या वाट्याला खालची एकच खोली आहे. त्यात आम्ही सहाजण. रात्री झोपतो तेव्हा माझा हात पसरला की धाकट्या भावाच्या नाकाला लागतो. तुर्भे स्टोअरच्या झोपडपट्टीत तर लोक संडासाच्या रांगेत उभे असतात. तिथे कोण कुणापासून लांब राहणार?

इथे एक गोष्ट बोलून घेतो, विषयाला थोडी सोडून आहे. आमच्या नाक्यावर बोर्ड लागलाय, 'सामाजिक अंतर पाळा'. ज्या राज्यात तळ्यातल्या पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या राज्यात हे शब्द कुणी आणि कसे लिहिले असतील? सामाजिक अंतर आम्ही पिढ्यान् पिढ्या पाळलंय, म्हणजे आमच्याकडून पाळून घेतलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २० मार्चला सांगितलं होतं की 'शारीरिक अंतर' म्हणा, माणसांशी नातं तोडायचं नाहीये. बोर्ड बदलायला फार खर्च येत नाही साहेब. 'सुरक्षित अंतर' लिहा, कळतं सगळ्यांना.

आता मुद्द्यावर येतो. अंतर हे औषध असेल तर ते सगळ्यांना सारखं मिळत नाहीये. ज्याच्याकडे दोन बेडरूम आणि घरून करायचं काम आहे, त्याला ते फुकट मिळतं. ज्याच्याकडे नाही, त्याला काय द्यायचं? माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला चाचणी द्या. आधी द्या, फुकट द्या, आणि रिपोर्ट वेळेत द्या. आज नेमकं उलटं चाललंय.

आबांना जूनमध्ये ताप आला, सोमवारी. मंगळवारी ते फीवर क्लिनिकला गेले, तिथून चिठ्ठी घेऊन दुसरीकडे, बुधवारी स्वॅब दिला. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी आला. पॉझिटिव्ह. तोवर आई खोकत होती, भावाचा वास गेला होता आणि मी आपला लॅबमध्ये जाऊन लोकांच्या शिरा शोधत होतो, कारण 'रिपोर्ट येईपर्यंत थांबा' असं सांगितलं होतं आणि थांबणं म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं. आबांना सेंटरवर नेलं, ते बरे होऊन आले. आमचं निभावलं.

आबांच्या शेजारच्या टोळीतल्या काकांचं नाही निभावलं. ज्या दिवशी त्यांचा स्वॅब घेतला, त्याच रात्री ते गेले. रुग्णालयातून थेट स्मशानात, घरच्या कुणाला तोंड बघता आलं नाही. त्यांचा रिपोर्ट दहाव्याच्या आदल्या दिवशी मोबाइलवर आला. काकूंनी मला दाखवायला आणला, कारण मी लॅबवाला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की रुग्णाने विलगीकरणात राहावं. मी तो काकूंना वाचून दाखवला नाही.

कुठल्या लॅबचा, कुठल्या रुग्णालयाचा हे मुद्दाम लिहीत नाही. एका लॅबला शिक्षा होऊन हे थांबणारं नाही. आरटी-पीसीआर, म्हणजे स्वॅबमधला विषाणू लॅबमध्ये शोधायची चाचणी, तिच्या मशीनचं काम चार-सहा तासांचं असतं. उरलेले दिवस जातात ते इतर ठिकाणी. नमुन्यांची पेटी भरेपर्यंत गाडी थांबून राहते, फॉर्मवरचा मोबाइल नंबर एका आकड्याने चुकतो, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पोर्टलवर नावं भरायला एकच ऑपरेटर असतो आणि तोही क्वारंटाइन होतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माणूस सगळ्यांत जास्त संसर्ग पसरवतो तो लक्षणं सुरू होण्याच्या आगेमागे. आठव्या दिवशी कळलेलं पॉझिटिव्ह हे निदान नाही, ती नोंद आहे.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की रोज संध्याकाळी जे आकडे जाहीर होतात, त्यात चाचण्या किती झाल्या याच्याबरोबर रिपोर्ट यायला सरासरी किती तास लागले हेही सांगा, प्रत्येक महापालिकेचं वेगळं. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, पनवेल. जो आकडा जाहीर होतो, त्याचीच अधिकाऱ्यांना काळजी असते. आम्हा लॅबवाल्यांनाही.

आता दुसऱ्या बाजूचं. मी त्यांचं ऐकलंय, कारण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तेच चालतं. एकजण म्हणतो, चाचण्या वाढवल्या की आकडे वाढतात, लोक घाबरतात. त्याला आबांनी दिलेलं उत्तर मला पटलं : काटा बाजूला ठेवला म्हणून गोणीचं वजन कमी होत नाही. दुसरा म्हणतो, किटच कमी आहेत, ज्याला लक्षणं नाहीत त्याच्यावर वाया कशाला घालवायच्या? हा प्रश्न मार्चमध्ये बरोबर होता. तेव्हा परदेशातून आलेला, त्याच्या संपर्कातला किंवा न्यूमोनियाने दाखल झालेला, एवढ्यांचीच चाचणी होत होती आणि १६ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख 'टेस्ट, टेस्ट, टेस्ट' म्हणाले तरी आपल्याकडे तेवढ्या लॅबच नव्हत्या. आज जुलै संपतोय. लॅब वाढल्या, किट पुण्यात बनतात. तरीही नियम मात्र कंजुषीच्या दिवसांतले राहिले, हे माझं दुखणं आहे.

शंभर चाचण्यांत पॉझिटिव्ह किती, हे बघा. पाचच्या खाली आले आणि दोन आठवडे तसेच राहिले तर बंधनं उठवायचा विचार करा, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने दिलाय. तो आकडा फुगलेला असेल तर सरळ अर्थ असा की आपण पुरेसं शोधत नाही आहोत.

टाळेबंदीबद्दल मी तक्रार करणार नाही. ४ जुलैपासून इथे पुन्हा बंद झालं, १३ला उठायचं ते १९पर्यंत वाढलं, ठाण्यातही तसंच. बंदने वेळ मिळतो हे मला मान्य आहे. पण मिळालेल्या वेळात आमच्या गल्लीत कुणी स्वॅब घ्यायला आलं नाही, फक्त बांबू आले. बांबू बांधून गल्लीचं तोंड बंद केलं की गल्लीतली माणसं एकमेकांच्या आणखी जवळ येतात, हे बांधणाऱ्याच्या लक्षात येत नसावं.

परवा मुंबईतल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. माटुंगा, चेंबूर, दहिसर या तीन प्रभागांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींमध्ये १६ टक्के. प्रभाग तेच, पाऊस तोच, टाळेबंदी तीच. फरक फक्त भिंतींचा. हे आकडे वाचून काहीजण म्हणाले, चला, गरिबांची इम्युनिटी झाली! मला त्यात एवढंच दिसलं की ज्यांना अंतर ठेवायला जागा होती ते वाचले.

अँटिजेन किट आल्या, फार चांगलं झालं. अर्ध्या तासात निकाल, मशीन नको, गाडी नको. पण एक काळजी आहे. आयसीएमआरने १४ जूनला या किटला मान्यता दिली तेव्हा स्वतःच सांगितलं होतं की ती खऱ्या रुग्णांपैकी ५०.६ ते ८४ टक्केच पकडते. पॉझिटिव्ह आला तर खरा धरा, निगेटिव्ह आला आणि लक्षणं असली तर आरटी-पीसीआर कराच. कागदावर हे आहे. प्रत्यक्षात हातावर पोट असलेला माणूस निगेटिव्ह ऐकतो आणि देवाला नमस्कार करून कामावर जातो. दुसऱ्या चाचणीसाठी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रांगेत तो उभा राहत नाही, कारण दुसऱ्या दिवसाची मजुरी जाते. तेव्हा त्याच टेबलावर, त्याच वेळी दुसरा नमुना घेऊन ठेवावा.

आणखी एक नवी तऱ्हा सुरू झालीय. माझी ताई पाम बीच रोडच्या बाजूच्या टॉवरमध्ये पोळ्या-भाजीला जाते. चार महिने घरी होती. आता सोसायटी म्हणते, निगेटिव्ह रिपोर्ट आणा, मग गेटपास. सरकारने दर ठरवून दिलेत हे खरं, केंद्रावर २,२०० रुपये, घरी येऊन २,८००. साडेचार हजारांवरून एवढे खाली आणले, त्याबद्दल आभारच आहेत. पण ताईला एका घराचे महिन्याला दोन हजार मिळतात. आणि आजचा निगेटिव्ह उद्याचं काय सांगणार? गेटवरून आत गेल्यावर ती ज्या बाईंच्या स्वयंपाकघरात उभी राहणार, त्यांनी केलीय का चाचणी? असं विचारायची सोय नाही. गेटपास म्हणून रिपोर्ट मागायला सोसायट्यांना मनाई करा. मागायचाच असेल तर खर्च मागणाऱ्याने द्यावा आणि घरच्यांचाही दाखवावा.

चाचणीसाठी लागणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीचंही तसंच. १ जुलैला केंद्र सरकारने कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी चालेल असं कळवलं. ७ जुलैला मुंबई महापालिकेने चिठ्ठीच काढून टाकली. तेच खाडीच्या अलीकडे, सगळ्या राज्यात व्हावं.

शेवटची गोष्ट पैशांची, आणि ती आपल्या एकट्याच्या खात्याची नाही हे मला कळतं. पण कामगार खात्याच्या कानावर आपणच घालू शकता. चाचणीला लोक का येत नाहीत? सुईला, स्वॅबला घाबरत नाहीत. पॉझिटिव्ह निघालो तर टोळीतले सगळे घरी बसतील, चौदा दिवस चूल कशी पेटणार, याला घाबरतात. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि हमालाच्या मजुरीला मंडळ मिळालं. त्या मंडळाच्या हातून विलगीकरणातल्या दिवसांची निम्मी मजुरी आगाऊ मिळाली तरी आबांच्या टोळीतले लोक स्वतःहून येऊन नाक पुढे करतील. नाहीतर अंगात ताप असला तरी पॅरासिटामॉल घेऊन गेटवर येतात. थर्मल गनला चकवायला अर्धी गोळी पुरते, हे मार्केटमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आबांनीही एकदा घेतली होती. ते मला खूप नंतर कळलं.

आबा परत कामावर जायला लागलेत. त्यांच्या टोळीत एकोणीसजण आहेत, त्यातल्या अकराजणांची एकदाही चाचणी झालेली नाही. चाचणीची गाडी पाठवणार असाल तर पहाटे पाचला कांदा-बटाटा मार्केटच्या गेटवर पाठवा, तेव्हा सगळे एका जागी चहाला उभे असतात. सहानंतर ट्रक लागतात, मग कुणी थांबणार नाही. टेबल मांडायला, नावं लिहायला मी येईन. फॉर्मवर मोबाइल नंबर दोनदा तपासून लिहीन.

आपला नम्र,
कोपरखैरण्यातला एक लॅब टेक्निशियन